मधे काय होतं?

रंगभूमी ही माणसाच्या अंतर्मनाची प्रयोगशाळा आहे, असं त्यांच्या नाट्यसंस्थेच्या घटनेच्या पहिल्या कलमात लिहिलं होतं. तालमीला येणाऱ्यांनी चपला जिन्यातच काढाव्यात, असं दुसऱ्या कलमात लिहिलं होतं. पहिलं कलम त्याचं, म्हणजे संस्थेच्या नाटककाराचं; दुसरं त्याच्या केमिस्ट मित्राचं. संस्थेच्या पहिल्या तीन वर्षांत काटेकोरपणे पाळलं गेलं ते दुसरं. चपलांची कधीच तक्रार आली नाही. अंतर्मनाचं काय झालं ते मात्र त्याला प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कळलं, आणि तेही कात्रीकडून.

"काय हो कलावंत," कात्री खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "काल ते मधे काय होतं?"

कात्री म्हणजे शेजारच्या टेबलावरचा सहकारी. हे नाव त्याला जिभेमुळे पडलं होतं आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा. दोघांचं काम एकच, लोकांनी मंजुरीसाठी दिलेले इमारतींचे नकाशे तपासायचे. जिना पुरेसा रुंद आहे का, खिडकी उघडल्यावर शेजाऱ्याच्या भिंतीवर आपटते का, असं. काल कात्री फुकटच्या पासावर नाटकाला आला होता. आज कात्री काहीतरी बोलणार हे ठरलेलंच होतं, त्यामुळे सकाळी दाढी करताना त्याने दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. भाषा जड झाली का, याला एक. शेवट कळला नाही, याला एक. मधे काय होतं, याला उत्तर तयार नव्हतं.

"मधे म्हणजे?"

"मधे म्हणजे स्टेजच्या मधोमध. ती तिघं ज्याला वळसा घालून जात होती ते."

"मधे काही नव्हतं."

"तेच म्हणतोय मी. काही नव्हतं, आणि वळसा सगळे घालत होते. त्या बाई तर मान वाकडी करून त्याच्या आडून बोलायच्या. आणि तुमच्या मेहुण्याने एकदा त्याच्यावर हात टेकला. हवेत! बराच वेळ तसाच उभा होता बिचारा."

जिन्यावरून उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसं त्याला झालं. काल तो रंगमंचाच्या डाव्या बाजूला, पडद्याच्या आड, हातात संहिता घेऊन विसरलेली वाक्यं पुरवत उभा होता. तिथून त्याला प्रयोग दिसला तो एवढाच, की केमिस्टचा डावा कान, बाईंची पाठ, आणि मेहुणा अधूनमधून. प्रेक्षागृहात शांतता होती. ती शांतता त्याने रात्रभर उशाला घेतली होती. लोक नाटकात बुडाले की असे गप्प होतात, हे त्याला माहीत होतं. लोक बुचकळ्यात पडले तरी तितकेच गप्प होतात, हे आता कळत होतं. त्याने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं, म्हणजे कात्रीकडे बघावं लागू नये, आणि घटनेच्या पहिल्या कलमाच्या आवाजात म्हणाला, "काही गोष्टी प्रेक्षकाने समजून घ्यायच्या असतात."

यावर कात्रीने काहीतरी कापायला हवं होतं. त्याने कापलं नाही. छताकडे बघत तो म्हणाला, "हं. आज दुसरा प्रयोग आहे ना? बायकोला घेऊन येतो. तिने बघायलाच पाहिजे हे."

म्हणजे आता सहकुटुंब हसणार होते.

समोर कुणाच्या तरी दुमजली घराचा नकाशा पसरलेला होता. त्यावर ठरावीक अंतरावर छोटे काळे चौकोन होते. काळा चौकोन म्हणजे खांब. इतकी वर्षं तो हे चौकोन मोजत आला होता. एखाद्या गृहस्थाने मोटारीच्या जागेत खांब काढला की लाल पेन्सिलीने गोल करून नकाशा परत पाठवायचा, समासात 'मधे खांब येतो' असं लिहायचं, हा त्याचा व्यवसाय होता. आणि त्या चौकोनांकडे बघता बघता त्याला केमिस्टचं तळघर दिसलं, आणि तळघराच्या मधोमध असलेला तो खांब दिसला. दिसला म्हणजे दोन वर्षांनी पहिल्यांदा दिसला.

तळघर हे संस्थेचं जन्मस्थान. केमिस्ट त्याचा शाळेपासूनचा मित्र. दुकानाखाली औषधांची खोकी ठेवायला तळघर होतं, त्यातली खोकी एका भिंतीला लावून त्याने जागा दिली आणि त्या जागेपोटी तहहयात अध्यक्षपद घेतलं. तिथे कायम कफाच्या औषधाचा गोडसर वास असायचा. त्या वासात पहिल्या वर्षी केमिस्टच्या पसंतीचा फार्स बसला. त्यात केमिस्ट तीनदा खांबाला लावलेल्या पलंगाखाली लपायचा. फार्स सगळ्यांना आवडला, आणि तो आवडला याची त्याला आतून लाज वाटत राहिली. घरी येऊन बायकोला म्हणाला होता, "लोकांना हसवायला काय लागतं?" बायको म्हणाली होती, "तुम्हाला जमत नाही ते लागतं." दुसऱ्या वर्षी त्याने स्वतः नाटक लिहिलं. वडील गेल्यावर तीन भावंडं घराच्या वाटणीसाठी जमतात आणि वाटणी सोडून सगळं बोलतात, असं. थोरला भाऊ केमिस्ट, मधली बहीण म्हणजे हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या बाई, आणि धाकटा म्हणजे त्याचाच मेहुणा, जो दिवसा फ्रिज विकायचा आणि स्टेजवरही फ्रिज विकल्यासारखाच उभा राहायचा. त्या वर्षी मेहुण्याला गोवर आला आणि सगळं वर्षभर पुढे गेलं. वर्षभर म्हणजे आणखी वर्षभर तालमी. संस्थेचा तो सुवर्णकाळ होता असं केमिस्ट म्हणायचा, कारण प्रयोग करावा लागला नाही.

खांबाला या नाटकाच्या तालमींच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी भरपूर शिव्या दिल्या होत्या. मेहुण्याचं कपाळ त्याच्यावर आपटलं, तेव्हा बाईंनी घरून जुनी उशी आणून बांधली. केमिस्ट त्याला कोट अडकवायचा. त्याने स्वतः प्रयोगाच्या हॉलच्या रंगमंचाचं माप घेतलं होतं, प्रमाणात आराखडा काढला होता, तळघराच्या फरशीवर खडूने रेघा मारल्या होत्या, विंग इथे, दार इथे. अशी शिस्त शहरातल्या कुठल्याच हौशी संस्थेत नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. खडूच्या चौकटीच्या बरोब्बर मधे खांब होता आणि आराखड्यावर नव्हता. त्याला जे हवं होतं ते आराखड्यावर होतं, म्हणून तो आराखड्याकडे बघत राहिला. बाकीचे खांबाला धडकत होते, म्हणून ते वळत राहिले. हळूहळू खांब दिसेनासा झाला. रोज डोळ्यांसमोर असलेलं आपलं नाक दिसत नाही तसा. "बाई, तिकडून इकडे या," असं तो म्हणायचा आणि बाई यायच्या. कशा यायच्या, हे कोण बघतं? तो शब्द ऐकत होता. शब्द त्याचे होते.

दुपारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी सही करताना वर न बघता विचारलं, "आईंचं बरं नाही का?" तो "हो," म्हणाला. गेल्या महिन्यात त्याला बढती देऊन दुसऱ्या शहरात पाठवत होते, ती त्याने आईच्या तब्येतीचं कारण सांगून नाकारली होती. आई ठणठणीत होती, बायकोपेक्षा भराभर जिने चढायची. "आईंना निदान आजारी पडायला तरी सांगा," बायको तेव्हा म्हणाली होती. नंतर ती त्या विषयावर काहीच बोलली नव्हती, आणि ते न बोलणं घरभर पसरून राहिलं होतं, ओल्या कपड्यांच्या वासासारखं. बढती नको ती कशासाठी, हे तिला माहीत होतं. आज दुसऱ्या प्रयोगानंतर संस्थेची सभा होती. पुढचं नाटक कुणी बसवायचं ते ठरणार होतं. केमिस्टला परत फार्स हवा होता. त्याचं स्वतःचं दुसरं नाटक अर्धं लिहून झालं होतं, आणि ते जर झालं नाही तर आपण एका पलंगाखालच्या केमिस्टसाठी बढती सोडली, असा त्याचा सरळ अर्थ होणार होता. बायको तसं म्हणणार नाही. ती फक्त जेवायला वाढेल.

हॉलमध्ये तिघांना त्याने लवकर बोलावून घेतलं होतं. मेकअप व्हायचा होता. नेपथ्य कालचंच, एक टेबल आणि तीन खुर्च्या. त्याने पहिल्यांदाच समोरून, प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून रंगमंचाकडे पाहिलं, आणि त्याला दिसलं की टेबल आणि खुर्च्याही मधे जागा सोडून, कडेकडेने, कुणीतरी हाकलून दिल्यासारख्या उभ्या आहेत.

"हे बघा," तो म्हणाला, "काल एक चूक झालीय. तळघरात मधे खांब आहे."

"म्हणजे?" केमिस्ट म्हणाला. "आता माझ्या तळघराला नावं ठेव. तीन वर्षं फुकट वापरलं."

"नावं ठेवत नाही रे. इथे खांब नाही. आणि तुम्ही तो असल्यासारखे चालता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मेहुण्याने हळूच आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"भावोजी," तो म्हणाला, "तरीच मला काल वाटलं की काहीतरी चुकतंय. मला वाटलं स्टेजची भीती म्हणतात ती हीच."

"मग सांगायचं ना!"

"तुम्हीच म्हणाला होतात, स्टेजवर काय वाटतं ते सांगायचं नसतं, दाखवायचं असतं."

बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि गणित सोडवायला फळ्यापुढे जावं तशा त्या रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. खाली पाहिलं, वर पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग मी वळायचं कुठे?"

"वळायचंच नाही. सरळ यायचं."

"वळताना मी 'दादा, तू कधी विचारलंस का' म्हणते. वळलेच नाही तर ते म्हणायचं कुठे?"

"चालता चालता म्हणा."

"चालता चालता ते अर्धंच होतं. इथे पोचल्यावर दादा समोरच येतो. समोर आल्यावर कशाला विचारायचं, कधी विचारलंस का?"

"बाई, दोन पावलं हळू टाका."

"दोन वर्षं शिकवलंत एक," बाई म्हणाल्या, "आणि परीक्षेच्या दिवशी अभ्यासक्रम बदलताय."

पण त्या कष्टाळू बाई होत्या. तिघंही कष्टाळू होती, हेच तर त्याचं दुःख होतं. एकाने जरी बंड केलं असतं, निर्वाणीचं काही बोललं असतं, तरी त्याला बरं वाटलं असतं. ती तिघं दिवे लागेपर्यंत मधल्या जागेतून इकडून तिकडे जात राहिली, आधी बिचकत, थंड पाण्यात पाय घातल्यासारखी, मग जरा धीटपणे. केमिस्ट म्हणाला, "अरे, हे तर सोपं आहे. उगाच फेरा पडत होता." त्या वाक्याने त्याला आनंद व्हायला हवा होता.

संध्याकाळी त्याने संहिता बायकोच्या हातात दिली. घरी तो भिंतीला वाक्यं म्हणून दाखवायचा, ते ऐकून ऐकून तिला सगळी पाठ झाली होती. "मी?" ती म्हणाली. "अहो, मला शिंक आली तर?" पण संहिता घेऊन ती पडद्याआड उभी राहिली, आणि तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ, जाऊन बसला. कात्री आणि त्याची बायको पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत होती. कात्रीने आज इस्त्रीचा शर्ट घातला होता. थट्टा करायला इस्त्री कशाला लागते, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला, पण तेवढ्यात पडदा वर गेला.

नाटक व्यवस्थित झालं. यापेक्षा वाईट काही त्याला सांगता आलं नसतं. माणसं दारातून येत होती, सरळ एकमेकांकडे जात होती, बोलत होती. जे शब्द त्याने पहाटे उठून लिहिले होते, ज्यांच्या मागे त्याला वाटलं होतं की एक अख्खं घर उभं आहे, ते शब्द आता दिव्यांच्या उजेडात नुसते उभे होते आणि त्यांच्या मागे काहीही नव्हतं. मेहुणा घराचा एक तृतीयांश भाग मागत होता, फ्रिजवर सूट द्यावी तसा. केमिस्ट नकार देत होता. लोक ऐकत होते, कुणी खोकलं, कुणी पिशवीतून काहीतरी काढलं. त्याला स्वतःलाच आपलं मन घड्याळाकडे जाताना जाणवलं आणि त्याने मनगट बाहीत ओढून घेतलं. हे असं होतं का? काल त्या कानामागून, त्या पाठीमागून त्याला जे ऐकू येत होतं ते असं होतं?

दुसऱ्या अंकात बाई एकदा चुकल्या. धाकटा रागावून खिडकीशी गेलेला असतो आणि बहीण त्याला समजावायला जाते, तिथे त्या सरळ निघाल्या आणि मधे पोचता पोचता त्यांच्या पायांनी जुनं आठवलं. त्या बाजूला वळल्या. खांद्याने कशाला तरी जागा देत, हळू, आपला धक्का त्याला लागू नये अशा बेताने. आणि पलीकडे न जाता तिथेच थांबून, मान किंचित वाकडी करून, त्या कशाच्या तरी आडून म्हणाल्या, "तू जेवलास का?" हे वाक्य त्याने लिहिलं तेव्हा भरती म्हणून लिहिलं होतं. प्रेक्षागृहात कुणी हललं नाही. कालची शांतता ती हीच, हे त्याने ओळखलं, आणि ती बुचकळ्यातली नव्हती हेही ओळखलं, आणि ओळखता ओळखताच त्याला बाईंचा इतका राग आला की त्याने पुढची खुर्ची धरली. एवढं सांगून! तेवढ्यात बाईंनाही आठवलं. त्या दोन पावलं मागे आल्या आणि मधून सरळ चालत, गुणपत्रक द्यायला निघाल्यासारख्या, धाकट्याजवळ गेल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली.

नाटक कालच्यापेक्षा पुष्कळ आधी संपलं. फेऱ्यांत किती नाटक होतं ते आता कळत होतं. टाळ्या पडल्या. बाहेर पडताना एक गृहस्थ सोबतच्या गृहस्थाला म्हणाले, "सुटसुटीत होतं." तो दाराशी उभा होता. ते त्याच्याच चपलेवर पाय देऊन गेले.

कात्री बायकोला घेऊन सगळ्यांच्या शेवटी आला. त्याने ओळख करून दिली, तिने नमस्कार केला, मग दोघं जरा अवघडून उभी राहिली. कात्री अवघडलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

"आज काढलंत का ते?" कात्रीने विचारलं.

"काय?"

"मधलं."

"हो," तो म्हणाला. "चूक होती ती."

"चूक?" कात्रीने बायकोकडे पाहिलं, मग पायांकडे. "मी हिला सांगितलं होतं. म्हणजे, आमच्या घरात बाहेरच्या खोलीत वडिलांची खाट होती. शेवटची तीन वर्षं ते तिथेच होते. गेल्यावर आम्ही खाट काढली. काढून किती वर्षं झाली गं? पण अजून त्या जागेवरून कुणी चालत नाही. भिंतीच्या कडेने जातो. पोरंसुद्धा, आणि त्यांनी आजोबांना धड बघितलेलं नाही. कुणी कुणाला सांगितलेलं नाही तसं. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं, काल तुमच्या नाटकात बघेपर्यंत. वडील गेल्यावरचं नाटक, आणि मधे ते. मला वाटलं, आपल्या शेजारी बसणाऱ्या माणसाला हे कसं काय..." तो थांबला. "म्हणून सकाळी विचारलं."

"मला आज एकदा दिसलं," कात्रीची बायको हळूच म्हणाली. "त्या जेवलास का म्हणाल्या तेव्हा."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. ते आमचं नव्हतं, तळघरात खांब आहे, असं म्हणायचं होतं, आणि ते आमचंच होतं, मला दिसलं नाही, असंही म्हणायचं होतं, आणि तुम्ही सकाळीच का नाही बोललात, असं ओरडायचं होतं. सकाळी आपण पेन्सिलीला टोक काढत होतो, हे त्याला आठवलं. "सुधारणा केली," एवढंच तो म्हणाला.

"बरं केलंत," कात्री नेहमीच्या आवाजात म्हणाला. "आता घरी जाऊन बातम्या सापडतील." आणि बायकोला पुढे घालून निघून गेला.

सभा मेकअपच्या खोलीत झाली. केमिस्टच्या अर्ध्या चेहऱ्यावर अजून थोरला भाऊ होता. बायको संहिता छातीशी धरून दारात उभी होती, तिला शिंक आली नव्हती. मेहुणा आरशात बघत कपाळावरचा रंग पुसत होता.

"अध्यक्ष म्हणून मी बोलतो," केमिस्ट म्हणाला. "काल घरी जायला किती उशीर झाला ते सगळ्यांना माहीत आहे. हॉलचा पहारेकरी किल्ल्या वाजवत उभा होता. आज बघा. एका दुपारीत या माणसाने नाटक कुठल्या कुठे आणून ठेवलं. मी फार्स-फार्स करत होतो, मागे घेतो. पुढचं नाटक यानेच बसवावं, आणि ते याचंच असावं. दिग्दर्शन म्हणजे काय ते मला आज कळलं."

"माझं अनुमोदन," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली होती. काल त्यांना शेवटपर्यंत बस मिळाली नव्हती, रिक्षाने जावं लागलं होतं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "मला त्या मधल्या जागेबद्दल काही सांगायचं होतं."

"सांग की," केमिस्ट म्हणाला. "पुढच्या बुधवारी तळघरात. चर्चेला वेळ नाही आता."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती हसली, गेल्या महिन्यानंतर पहिल्यांदाच, आणि मान डोलावली. मेहुणा म्हणाला, "अभिनंदन, भावोजी."

ठराव एकमताने मंजूर झाला. बाईंना बस मिळाली.